१३ फूट आणि ५ फूट

मराठीचा मास्तर आणि गळ्यात कॅमेरा, हे सोंग आमच्या घरी कुणालाच पसंत नाही! तरी रविवारी पुण्याच्या मंडईत माझी फेरी ठरलेली. पूर्वी माझ्या जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यावर १३५ मिलिमीटरची लेन्स असे. माणूस कमरेपासून वर उभ्या चौकटीत यायचा, तर १३ फूट दूर उभे राहावे लागे. कुणाला पत्ता लागत नसे. मला तेच हवे होते. एका भाजीवालीचा फोटो असाच टिपला आणि छापून तिला नेऊन दिला. बराच वेळ पाहून ती म्हणाली, "चांगलाय. पण मास्तर, चोरून कशापायी काढला? हितं यायचं की!"

मी ओशाळलो.

आता ५० लावतो. (आंरी कार्तिए-ब्रेसाँचे बहुतेक काम याच लेन्सवरचे.) तेवढ्याच चौकटीला ५ फूट पुरतात, म्हणजे बोलणे आलेच. बोलता बोलता माणूस कॅमेरा विसरतो, तेव्हा कळ दाबायची. ३५ घेऊन चेहराच भरायला गेलो, तर नाक मोठे दिसते. दोष लेन्सचा नव्हे, फार जवळ गेल्याचा.

गेल्या रविवारी तिने मला पाहिले, पदर सारखा केला आणि आधी अर्धा किलो गवार तोलून दिली. फोटो राहिलाच.