खोटा फौजी आणि कायदा

'मी मिलिटरीत होतो' असे खोटे सांगणे हा भारतात आपोआप गुन्हा ठरत नाही. सैनिकाचा गणवेश घालून किंवा तसा बिल्ला लावून आपण सैनिक आहोत असे लोकांना भासवणे मात्र गुन्हा आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेत त्यासाठी 140 वे कलम होते. तीन महिन्यांपर्यंत कैद, 500 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी त्याची शिक्षा होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते 168 वे कलम झाले. कैद तेवढीच राहिली, दंडाची मर्यादा 2,000 रुपये झाली.

या कलमाचा सगळा भर हेतूवर आहे. अकोल्यातल्या एखाद्या शाळेत 26 जानेवारीला फौजीच्या पोशाखात मिरवणारे पोर किंवा नाटकातला नट यांना ते लागत नाही, कारण आपल्याला कोणी खरोखरच सैनिक समजावे असा त्यांचा हेतू नसतो. पण कलमाची भाषा सध्या सेवेत असलेला सैनिक असल्याचे भासवण्याबद्दल आहे. निवृत्त सुभेदार म्हणवून घेत विकतची पदके छातीवर लावणारा माणूस त्यात बसतो की नाही, यावर वकिलांना बराच वाद घालता येईल. शिवाय हे कलम भूदल, नौदल आणि वायुदल यांच्यापुरतेच आहे. 14 फेब्रुवारी 2019 रोजी पुलवामातल्या हल्ल्यात बुलढाणा जिल्ह्याचे दोन जवान शहीद झाले, ते केंद्रीय राखीव पोलीस दलाचे होते. वऱ्हाडातल्या माणसाच्या लेखी ते सैनिकच. त्या दलाची वर्दी घालून कोणी फसवले, तर मात्र लोकसेवकाच्या वेशासंबंधीचे 205 वे कलम लावावे लागते.

वर्दीभोवती इतरही कुंपणे आहेत. खासगी सुरक्षा रक्षकाने सैन्याचा किंवा पोलिसांचा वाटेल असा गणवेश घातला, तर 2005 च्या कायद्याने रक्षक आणि एजन्सीचा मालक दोघांनाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जानेवारी 2016 मध्ये पठाणकोटच्या हल्ल्यानंतर सैन्याने नागरिकांना लष्करी छापाचे कपडे न वापरण्याचे आणि दुकानदारांना ते न विकण्याचे आवाहन केले. 2022 मध्ये आलेल्या नव्या लढाऊ गणवेशाच्या डिझाइनची तर सैन्याने स्वतःच्या नावे नोंदणीच करून घेतली.

खोट्याचा खरा बाजार मात्र वर्दीच्या पलीकडे आहे. राज्याच्या गट क आणि ड च्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे. 2020 च्या निर्णयाने त्यांना घरपट्टीतही सूट मिळाली. कँटीनचे कार्ड आणि उपचारांची सोय आहेच. यातले काही बनावट कागद दाखवून लाटले, तर तोतयेगिरी करून फसवणूक केल्याबद्दल न्याय संहितेच्या 319 व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खोटे दस्तऐवज केल्याची कलमे वेगळीच.

सर्वांत क्रूर फसवणूक भरतीच्या नावाने होते. पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर धावणाऱ्या पोराच्या बापाला कोणी 'मेजर साहेब' भेटतो, ओळखीने काम करून देतो म्हणतो, आणि सोयाबीन-कापसाचे किंवा गहाण टाकलेल्या वावराचे पैसे घेऊन नाहीसा होतो. पैशांइतकीच मोठी हानी वर्षांची होते, कारण भरतीला वयाची मर्यादा असते.

सेवेचा खोटा दावा किती दूर जाऊ शकतो, हे महाराष्ट्राने बीडमध्ये पाहिले आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात भूमिगत राहिलेल्यांकडे तुरुंगाची नोंद नसे. म्हणून जुन्या स्वातंत्र्यसैनिकांची प्रमाणपत्रे पुरावा म्हणून चालत. त्याच वाटेने बनावट स्वातंत्र्यसैनिक पेन्शनच्या यादीत शिरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि न्यायमूर्ती पालकर आयोगाने चौकशी केली. लढ्यात खरोखर उतरलेल्या म्हाताऱ्यांकडेही लोक संशयाने पाहू लागले, याची भरपाई कोणत्याही वसुलीने होत नाही.

मग नुसते बोलणेच गुन्हा का करू नये? अमेरिकेने तसे करून पाहिले. 2005 च्या कायद्याने लष्करी सन्मान मिळाल्याचे खोटे सांगणेही शिक्षापात्र ठरले. कॅलिफोर्नियातल्या एका पाणीपुरवठा मंडळाचे सदस्य झेवियर अल्वारेझ यांनी 2007 मध्ये बैठकीत आपल्याला सर्वोच्च शौर्यपदक मिळाल्याचे सांगितले. ते सैन्यात कधीच नव्हते. तरीही 2012 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो कायदा रद्द केला. सरकार प्रत्येक खोट्या शब्दाला शिक्षा देऊ लागले, तर बोलण्याच्या स्वातंत्र्याला अर्थ उरत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. 2013 च्या नव्या कायद्यात पैसा किंवा अन्य लाभ मिळवण्याचा हेतू ही अट आली.

भारतातही तीच रेषा योग्य आहे. राज्यघटनेच्या 19(2) मधल्या निर्बंधांच्या यादीत 'खोटे बोलणे' हा आधार नाही. चहाच्या टपरीवर कारगिलच्या गप्पा ठोकणाऱ्याला पोलीस ठाण्यात नेणारा कायदा उद्या कोणावरही उगारता येईल. पण 168 व्या कलमात निवृत्तीचा खोटा दावा आणि पदके यांचा स्पष्ट उल्लेख हवा, लाभाचा हेतू असेल तर शिक्षा वाढायला हवी, आणि 2,000 रुपयांचा दंड तर वर्दीच्या किमतीपुढेही थिटा आहे.

बीडच्या भूमिगतांपेक्षा सैनिकाची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याची नोंद असते. प्रत्येकाला सेवा क्रमांक मिळतो आणि त्याची कागदपत्रे रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात राहतात. महार रेजिमेंटची मध्य प्रदेशातल्या सागर इथे. निवृत्ताकडे डिस्चार्ज बुक असते, पेन्शनर असेल तर पेन्शनचा आदेश, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे ओळखपत्र. नोकरी देणाऱ्या कार्यालयाने केवळ झेरॉक्स फाइलला न लावता ती सैनिक कल्याण कार्यालयाकडून पडताळून घेतली, तर बहुतेक बनाव तिथेच उघडा पडतो. भरतीचा अर्ज सैन्याच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरला जातो आणि निवडीसाठी कोणत्याही अधिकाऱ्याला पैसे द्यावे लागत नाहीत. 'साहेबांशी ओळख आहे' म्हणून पैसे मागणाऱ्याची तक्रार थेट पोलिसांकडे किंवा सेनाभरती कार्यालयाकडे करता येते.