परत फिरण्याची वाट

"आजोबा, इथं छत्री चालत नाही," असं आठ वर्षांच्या नातीनं मला बजावलं, तेव्हा मी साताऱ्याहून आणलेली लांब दांड्याची काळी छत्री उघडत होतो. चाळीस वर्षं पाटबंधारे खात्यात पावसापाण्यातच काढलेल्या माणसाला पावसाबद्दल कुणी शिकवावं, हे काही मला रुचलं नाही. दोन मिनिटांत वाऱ्यानं छत्री उलटी केली. नात हसली, सूनबाईंनी हसू दाबलं, आणि आमची सौ. म्हणाली, "अहो, मिटा ती आता."

इंग्लंडच्या वायव्येला डोंगर आणि तळ्यांचा प्रदेश आहे, लेक डिस्ट्रिक्ट. मे महिन्याच्या अखेरीस तिकडच्या शाळांना आठवड्याची सुट्टी असते. त्या सुट्टीसाठी मुलानं बॉरोडेल नावाच्या दरीत, रॉस्थवेट या चिमुकल्या खेड्यात एक कॉटेज भाड्यानं घेतलं होतं. शनिवार ते शनिवार असा बोलीचा हिशेब. दोन हात जाडीच्या दगडी भिंती, वर पाटीच्या दगडाचं छप्पर, आणि दार इतकं ठेंगणं की पहिल्या दिवशी माझं कपाळ तीनदा शेकलं. स्वयंपाक आपला आपण करायचा. त्यामुळे लीड्सहून निघताना गाडीत कपड्यांपेक्षा पोहे, तूरडाळ आणि कुकर यांनीच जागा अडवली होती. "सुट्टी तुमची, पोळ्या माझ्याच," हे सौ.चं वाक्य मी आठवडाभर ऐकलं, आणि ते खोटं नव्हतं.

रॉस्थवेटपासून जवळच सीथवेट म्हणून वस्ती आहे. इंग्लंडमधल्या सर्वांत पावसाळी वस्तीचा मान तिचा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. आमच्या महाबळेश्वरपुढे हा आकडा लहानच, पण महाबळेश्वरचा पाऊस मुख्यतः चार महिन्यांत उरकतो, इथला बारा महिने पुरवून पुरवून पडतो. कारण दोन्हीकडे एकच. समुद्रावरून आलेले ओले वारे डोंगराला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि ओझं टाकतात. तिथं सह्याद्री, इथं हे 'फेल' म्हणजे उघडेबोडके डोंगर. आणि मनात आणलं तर हा पाऊस काय करू शकतो, तेही ऐका. याच दरीच्या माथ्यावरच्या होनिस्टर खिंडीत ५ डिसेंबर २०१५ रोजी चोवीस तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला.

पहिल्या दिवशी आम्ही टेकडी ओलांडून वॉटेंडलाथच्या तळ्यावर चालत गेलो. निघताना ऊन, अर्ध्या वाटेवर भुरभुर, माथ्यावर गारांचा मारा आणि तळ्याकाठी पुन्हा लख्ख ऊन. स्वेटर चढवणं आणि काढणं यातच माझा निम्मा वेळ गेला. गंमत म्हणजे वाट लोकांच्या खासगी कुरणांतून जाते, तरी कुणी हटकत नाही. चालण्याचा हक्क नकाशावर ठिपक्यांनी दाखवलेला असतो. आपण फक्त फाटक जसं असेल तसं ठेवायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद. आमच्याकडे बांधावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात, ते आठवून मी मनात हात जोडले. कुरणात हर्डविक जातीच्या मेंढ्या होत्या. त्यांची कोकरं जन्मतः काळी असतात आणि वयानुसार करडी होत जातात. "आजोबांसारखी," नात म्हणाली.

आता मूळ गोष्ट सांगतो. मी काही तळी पाहायला तिकडे गेलो नव्हतो. मुलगा तिकडे गेला त्याला बारा वर्षं झाली. "दोन वर्षांत परत येतो" हे वाक्य दर वर्षी नव्यानं ऐकत आलो. साताऱ्याच्या घरावर त्याच्यासाठी मजला चढवला, त्याला कुलूपच आहे. या खेपेला समोर बसवून विचारायचं, "बाबा रे, परत फिरणार आहेस का?" असं ठरवूनच मी विमानात बसलो होतो. पण सून समोर, नात समोर. विषय निघेचना.

मंगळवारी कॅटबेल्स चढायचं ठरलं. उंची ४५१ मीटर, म्हणजे आमच्या मानानं टेकडीच. पण नातीला जायचंच होतं. बिअॅट्रिक्स पॉटर या लेखिकेच्या मिसेस टिगी-विंकल या गोष्टीतली धोबीण, एक काटेरी हेजहॉग, याच डोंगराच्या पोटात राहते. तिचं दार शोधायचं होतं. केझिकहून लाँचनं डरवेंटवॉटर तळं ओलांडलं. सौ. आणि सूनबाई तळ्याकाठच्या सपाट वाटेनं गेल्या. आम्ही तिघे चढाला लागलो. मुलानं नकाशा उघडून हिशेब मांडला. पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास, हा नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा नियम. "आणि तुमच्या गुडघ्यांसाठी अर्धा तास जादा," तो म्हणाला. मला तो अर्धा तास झोंबला.

पहिला टप्पा झोकात पार केला. खाली तळं चकाकत होतं. शेवटच्या कातळाशी पोहोचतो तोच पश्चिमेकडून ढग आला आणि दहा पावलांवरचं दिसेनासं झालं. पाठोपाठ पाऊस. कातळ हातापायांनी चढायचा, तो साबणासारखा निसरडा झाला. मुलगा थांबला. "बाबा, परत फिरू या."

"अरे, दोनशे फूट राहिलंय! मी अजिंक्यतारा रोज चढतो," असं म्हणत मी पाय टाकला आणि घसरलो. त्यानं दंड पकडला नसता तर हा लेख लिहायला मी बसलो नसतो, असं नाटकी बोलणार नाही, पण हाड नक्की मोडलं असतं. नात रडायला लागली. तो ओरडला नाही. नातीला पोटाशी धरून एवढंच म्हणाला, "इथं कुणी अडकलं तर गावातले लोक आपापली कामं टाकून, फुकट, शोधायला निघतात. आपल्या हट्टापायी त्यांना बोलवायचं नाही."

होकायंत्र पाहत तो पुढे, मधे नात, मागे मी. हवामान पाहणं, वेळ मोजणं, सर्वांत हळू चालणाऱ्याच्या चालीनं चालणं, हे सगळं त्यानं मला न विचारता केलं. नकाशा मीच त्याला शिकवला होता, तो दहा वर्षांचा असताना, कोयनेच्या काठावर. उलटलेली ती छत्री उतारावर काठी म्हणून कामी आली.

रात्री शेगडीत लाकडं घालून मोजे वाळत टाकले होते. बाकीची मंडळी झोपली. मी विचारण्याआधीच तो म्हणाला, "बाबा, मी परत येणार नाही. हे तुम्हाला सांगायचा धीर होत नव्हता, म्हणून दर वर्षी दोन वर्षं म्हणत गेलो." बराच वेळ लाकडं तडतडत राहिली. मग मी म्हटलं, "वरचा मजला भाड्यानं देतो." गळा दाटला होता, नाही असं नाही. पण बारा वर्षांत प्रथमच आम्ही एकमेकांशी खरं बोललो.

शनिवारी किल्ली परत करून निघालो तर आभाळ निरभ्र! तळ्यापलीकडे कॅटबेल्सचा माथा अगदी स्वच्छ दिसत होता. "आजोबा, टिगी-विंकलचं दार राहिलं," नात म्हणाली.

"राहू दे," मी म्हटलं. "डिसेंबरात साताऱ्याला ये. अजिंक्यताऱ्यावर जाऊ. तिथं नकाशा माझा."