शाळेतली सोंगे आणि पोफळीची विरी

कोकणात शिमगा आला की संकासुर आलाच. काळा पोशाख, निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरू. अशी सोंगे प्राथमिक शाळेतील मुलांनी स्वतःच्या हाताने करावीत, भाड्याने आणू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. भाडे परवडत नाही म्हणून वेशभूषेच्या दिवशी घरी राहणारे मूल बहुधा मजुराचेच असते.

मुरुडला पोफळीच्या बागा आहेत. गळालेली विरी रात्रभर भिजवावी, उपड्या तपेल्यावर बांधून वाळवावी, मुखवटा तयार. डोळ्यांची भोके मोठ्यांनी कापावीत व ऐसपैस ठेवावीत, नाहीतर मूल आपटते. दाढीला ताग. घुंगरांऐवजी गुलमोहराच्या वाळक्या शेंगा, बिया छान वाजतात. टोपी वर्तमानपत्राची, मैद्याच्या खळीने चिकटवलेली. हातभर टोपी डोलते, वीतभर पुरते, हे मुलांनीच करून पाहावे.

खरी गंमत रंगात आहे. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी पडली की पिवळ्याचे तांबडे होते, लिंबू पिळले की पुन्हा पिवळे. आम्ल आणि अल्क यांचा हा पहिला धडा. मात्र चुना कातडीला, डोळ्यांना झोंबतो. निवळी गुरुजींनीच घालावी, रंग कापडालाच द्यावा, चेहऱ्याला नव्हे.

सोंग कोणते, हे मुलाने ठरवावे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्यातील अनेक घरांनी शिमग्याशी संबंध ठेवलेला नाही. त्या मुलावर संकासुर लादू नये. त्याच विरीचा वाघ होतो, घुबडही होते.