डमरूचे चौदा आघात, यंत्राची सोळा घरे

महाशिवरात्रीच्या दिवशी शंकराच्या हातातील डमरूचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. नृत्याच्या अखेरीस नटराजाने नऊ आणि पाच असा चौदा वेळा डमरू वाजविला व त्या चौदा आघातांतून पाणिनीला वर्णांची चौदा सूत्रे लाभली, असे वैयाकरणांची परंपरा सांगते. व्याकरण शिकविताना ही कथा मी कितीदा तरी सांगितली असेल. परंतु तिच्यातील एक मर्म माझ्या ध्यानी आले ते अगदी अलीकडे, आणि तेही एका परदेशी यंत्रामुळे. डमरू एकच, वाजविणारा हात एकच. पण चौदा आघातांतून निघालेले वर्णसमूह चौदा प्रकारचे. वाद्य एक असूनही त्याच्या प्रत्येक आघाताला स्वतःचे रूप असणे, हेच वाद्य जिवंत असल्याचे लक्षण होय. हे लक्षण यंत्राच्या अंगी येऊ शकते काय, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

विजेचा नगारा

आरतीच्या वेळी आपोआप वाजणारा विजेचा नगारा आता बहुतेक वाचकांच्या परिचयाचा आहे. बटण दाबले की मोटार फिरू लागते, टिपरू नगाऱ्यावर आपटते, घंटेचा लोळा हलतो, झांज वाजते. वाजविणारी माणसे मिळेनाशी झाली तेव्हा देवळांनी हा मार्ग पत्करला. त्यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. पण पहिल्या आघातात आणि शेवटच्या आघातात तिळमात्र अंतर नसते. आरती संथ म्हणावी असे वाटले तरी नगारा संथ होत नाही, आणि मंत्रपुष्पांजलीपूर्वी जी क्षणाची शांतता हवी असते ती बटण बंद करायला कोणी धावल्याखेरीज मिळत नाही.

म्हणूनच, तीस वर्षे माझ्या कीर्तनाला साथ करणाऱ्या तबलजींच्या हाताला कंप सुटला आणि त्यांनी तबला गवसणीत घालून ठेवला, तेव्हा माझा पुण्याचा पुतण्या मला म्हणाला, “काका, मी माझे तालयंत्र घेऊन येतो,” त्यावर मी त्याला जवळजवळ झिडकारलेच. “देवळात एक आहे तेवढे पुरे,” असे माझे उत्तर होते. तरीही तो यंत्र घेऊन आला. पोथीएवढ्या आकाराची ती पेटी होती. तिच्या तळाशी आठ-आठच्या दोन ओळींत सोळा कळा होत्या, वर आठ खुंट्या आणि एक लहानसा पडदा.

सोळा घरांचा इतिहास

या सोळा कळांना थोडा इतिहास आहे. जपानमध्ये इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ साली ‘रोलँड’ ही संस्था स्थापिली. तिचे ‘टीआर-८०८’ हे तालयंत्र १९८० साली आले. त्याच्या दर्शनी भागावर एका ओळीत सोळा कळा होत्या. एक कळ म्हणजे कालाचे एक घर. ज्या घरात आघात हवा तेथील कळ दाबावी, दिवा लागतो. यंत्र घरामागून घर चालत जाते आणि सोळावे संपताच पुन्हा पहिल्यावर येते. आपल्याकडील आवर्तन ते हेच.

त्याच वर्षी अमेरिकेत रॉजर लिन यांनी ‘एलएम-१’ हे यंत्र आणले. त्यात खऱ्या ढोलांचे आवाज अंकरूपाने साठविलेले होते, तर ८०८ आपले सारे आवाज विद्युत्‌मंडलांतून निर्माण करी. आवाजाची ही दोन कुळे निराळी, पण एक उणीव दोहोंत सारखीच होती. ८०८ मध्ये ढोलाचा नाद लांबविण्याची खुंटी होती, पण ती फिरविली की सोळाही घरांतील ढोल एकदम लांबत. एखाद्या घराला आघात जोराचा असावा असे चिन्हांकित करता येई. पण तो जोरही त्या घरातील सर्व वाद्यांना मिळून लागू होई. एकाच घराला निराळा नाद हवा असेल तर यंत्र चालू असताना खुंटी हाताने फिरवावी आणि पुढचे घर येण्याआधी परत आणावी, याखेरीज मार्ग नव्हता.

याच सुमारास रोलँडनेच ‘टीबी-३०३’ हे खर्जाचे लहान यंत्र काढले. त्यात प्रत्येक घराच्या स्वराला जोर द्यावा की नाही, आणि तो पुढील स्वराकडे घसरत न्यावा की नाही, हे घरागणिक ठरविता येई. ही दोन्ही यंत्रे आणि रोलँडचेच ‘ज्युपिटर-८’ हे स्वरयंत्र घेऊन मुंबईचे चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली. तेव्हा तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या जाणकारांनी आश्चर्याने ऐकली. सिंग २०१५ साली निवर्तले. यंत्राच्या त्या दोन-तीन सोयींतून त्यांनी मींडेचा आभास कसा साधला असेल, हे ती मुद्रिका ऐकताना मनात आल्यावाचून राहत नाही.

पुढची पायरी स्वीडनमध्ये गाठली गेली. गोथेनबर्ग येथील ‘एलेक्ट्रॉन’ या संस्थेने २००१ साली ‘मशीनड्रम’ हे यंत्र आणले. त्यात कोणत्याही घराची कळ दाबून धरावी आणि कोणतीही खुंटी फिरवावी. तो बदल केवळ त्या घरापुरता नोंदला जाई. पुतण्याची पेटी याच घराण्यातील, २०१७ साली निघालेले ‘डिजिटाक्ट’ हे यंत्र होते. या युक्तीला यंत्राच्या भाषेत ‘पॅरामीटर लॉक’ म्हणतात.

उत्सर्ग आणि अपवाद

पुतण्या हे समजावून सांगत असता मी त्याला मध्येच थांबविले. कारण ही गोष्ट मला यंत्राची न वाटता व्याकरणाची वाटली.

पाणिनीच्या शास्त्रात सामान्य नियमाला उत्सर्ग म्हणतात आणि विशेष नियमाला अपवाद. रघूचा वंशज तो राघव. येथे वंशजवाचक सामान्य प्रत्यय लागला. पण दशरथाचा पुत्र ‘दाशरथ’ न होता ‘दाशरथि’ होतो. कारण अकारान्त शब्दांसाठी निराळा प्रत्यय सांगितला आहे आणि तो आपल्या क्षेत्रात सामान्य प्रत्ययाला बाजूस सारतो. राम एकच, एका नावात तो उत्सर्गाने सिद्ध होतो, दुसऱ्यात अपवादाने. आणि मुख्य गोष्ट अशी की अपवाद आपल्या क्षेत्रात बलवान असला तरी त्याने उत्सर्ग नष्ट होत नाही. अपवादाचे क्षेत्र संपले की सामान्य नियम पुन्हा राज्य करू लागतो.

यंत्रात नेमके हेच घडते. त्यात आठ वाद्यांच्या आठ ओळी असतात. प्रत्येक ओळीची एक मूळ मांडणी असते: आवाज किती उंच, नाद किती लांब, किती उजळ, किती मोठा. हा उत्सर्ग. एखाद्या घराची कळ दाबून धरून खुंटी फिरविली की त्या घरापुरता अपवाद लिहिला जातो आणि त्याची खूण म्हणून त्या कळेचा तांबडा दिवा लुकलुकू लागतो. त्या ओळीतील पुढचा आघात आला की मूळ मांडणी जशीच्या तशी परत येते. अपवाद पुसायचा असेल तर कळ धरून तीच खुंटी दाबावी.

केरव्याचा धडा

मी तबलजींना निरोप पाठविला. ते आले, बाजूला बसले, प्रथम काहीच बोलले नाहीत. पुतण्याने तबल्याचे आणि डग्ग्याचे आवाज दोन ओळींत भरले आणि केरवा मांडला. केरव्याच्या आठ मात्रा. म्हणजे एका मात्रेला दोन घरे. ‘धा गे ना ती’ हे बोल पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या व सातव्या घरात. ‘न क धी ना’ हे नवव्या, अकराव्या, तेराव्या व पंधराव्या घरात. डग्गा पहिल्या, तिसऱ्या, अकराव्या आणि तेराव्या घरात तेवढा वाजायचा. यंत्र सुरू झाले आणि अगदी विजेचा नगारा वाजू लागला. मी तबलजींकडे पाहिले. ते म्हणाले, “बुवा, मात्रा बरोबर आहेत. बोल एकही नाही.”

मग ते पुतण्याच्या शेजारी सरकले.

“सहाव्या मात्रेचा ‘क’ बंद असतो. तळहात पडतो, उचलत नाही.” पुतण्याने अकराव्या घराची कळ धरली आणि नाद आखूड केला; मूळ आवाजाच्या जागी थापेचा आवाजही त्याच घरापुरता बसविला. “ ‘गे’ घुमू दे, पण मागाहून हात टेकू दे.” यासाठी यंत्रात एक विलक्षण सोय निघाली. चौथ्या घरात एक मूक खूण ठेवता येते. तिचा दिवा पिवळा. तिने नवा आघात होत नाही, आधीच्या घुमणाऱ्या नादाचे रूप तेवढे बदलते; उजळपणा कमी केला की डग्ग्यावर तळवा टेकल्यासारखे वाटते. “आता ‘धी’. तेथे घिस्सा हवा.” आवाज वर-खाली सरकविणारी एक गती यंत्रात असते, तिचे प्रमाण मूळ मांडणीत शून्य ठेवून केवळ तेराव्या घरात वाढविले. तबल्याच्या ओळीत ‘ती’ आणि ‘धी’ या बोलांच्या घरांना चाटेऐवजी लवेवरचा नाद दिला. नववे घर खालीचे, म्हणून तेथील आवाज किंचित उतरविला.

पुन्हा यंत्र सुरू केले. तबलजींची मान हलली. तीस वर्षे पूर्वरंगात मी ज्या मानेकडे पाहून पुढचे पद उचलीत असे, तीच ती मान.

दोन चुका

उत्साहाच्या भरात मीही हात घातला आणि दोन चुका केल्या. पहिली अशी : एका घरातील डग्गा मंद करावयाचा होता, खुंटी फिरविताना कळेवरचे बोट केव्हा सुटले ते कळले नाही. सारा डग्गा बसला. अपवाद लिहायला गेलो आणि उत्सर्गच बदलून बसलो. शास्त्रार्थात आणि संसारातही हे पुष्कळदा घडते : एका प्रसंगासाठी केलेली सवलत नियमावरच जाऊन पडते.

दुसरी चूक अधिक बोधप्रद. सोय हाताशी आहे म्हणून मी सोळाही घरांत काही ना काही बदलले. कोठे आवाज उंच, कोठे दबका, कोठे लांब. परिणाम ऐकून तबलजी हसले. “बुवा, आता ठेका उरला नाही. सगळेच विशेष झाले म्हणजे विशेष कोणते?” सर्वत्र अपवाद झाला की अपवादाला ज्याच्याशी ताडून पाहावे ते सामान्यच नाहीसे होते. तेराव्या घरातील घिस्सा गोड लागतो, कारण बाकीची घरे आपल्या जागी स्थिर असतात.

या यंत्रात आणखी एक सोय आहे : एखादा आघात दर चौथ्या आवर्तनालाच वाजावा असे सांगता येते, त्यातून उठाण छान बसविता आले. एखादा आघात दैवावर सोडून शंभरांत पन्नास वेळा वाजावा असेही सांगता येते. ही दुसरी सोय तबलजींनी बंद करविली. “मी कधी जोराने मारले, कधी हलके मारले, पण चिठ्ठी टाकून नव्हे,” असे त्यांचे म्हणणे. अपवादाला प्रयोजन लागते, हे वैयाकरणांचे मत त्यांनी तबल्याच्या भाषेत सांगितले.

यंत्राला न साधणारे

माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. आघाताआघाताला स्वतःचे रूप देणे यंत्राला साधते; मात्र ते रूप कोणते असावे हे जाणणारा कान कोणाचा तरी असावा लागतो. त्या पेटीत जे वाजत होते ते तबलजींचेच वादन होते. कंप सुटलेल्या हातांनी वाजविता आले नसते, म्हणून ते घराघरांत सांगून लिहविले होते. विजेच्या नगाऱ्याजवळ असे कोणी बसले नाही, एवढाच दोहोंतील भेद.

कीर्तनात मात्र मी ते यंत्र घेतले नाही. उत्तररंगात कथा करुण वळणावर आली की मी थांबतो, आणि किती थांबणार हे मलाही ठाऊक नसते. तबलजींना ते ठाऊक असे. यंत्राला आघात सांगता येतात. समोरच्या मंडळींचे डोळे ओले झाले आहेत, जरा थांब, हे कोणत्या घरात लिहायचे?

पण ती मांडणी पुतण्याने जपून ठेवली आहे. गावातील एक मुलगा तबलजींकडे शिकायला येतो. हात चालत नाही म्हणून जे दाखविता येत नाही ते तबलजी त्याला यंत्रावर ऐकवितात, आणि मग यंत्र बंद करून म्हणतात, “आता तू.” आज रात्री महादेवाच्या देवळात माझ्या साथीला तोच मुलगा बसणार आहे. तेराव्या घरातला घिस्सा त्याला अजून नीट जमत नाही. तबलजी पुढच्या रांगेत बसणार आहेत. त्यांच्या मानेकडे पाहायचे, एवढे मी त्याला सांगून ठेवले आहे.