सव्वादोन टक्के म्हणजे किती रुपये?

मी कॉन्व्हेंटची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ दिसला तरी तुम्ही सांभाळून घ्याल. आमच्या शाळेत सगळे आकडे इंग्रजीत. त्यामुळे भाजीवाल्या मावशींनी "एकोणसत्तर" म्हटलं की मी मनात एकदा एकोणसाठ धरते, एकदा एकोणऐंशी, आणि शेवटी गुपचूप शंभराची नोट पुढे करते. सव्वा, पाऊण, पावणेदोन यांच्याशी तर माझं जुनं वैर आहे. पण याच वैरामुळे गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक हिशोब निघाला, त्याची ही गोष्ट.

सुट्टीत घरी गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबांनी मोबाईल माझ्यापुढे केला. "इंजिनिअर होतेयस ना? मग हे वाचून सांग." बघते तर म्युच्युअल फंडाचं एकत्रित स्टेटमेंट. चौदा पानांची पीडीएफ, अक्षर मुंगीएवढं. बाबा इतकी वर्षं त्यातली एकच ओळ बघत आले होते: एकूण किंमत. ती होती साधारण तेवीस लाख.

आता हे तेवीस लाख आमच्यासाठी काय आहेत ते सांगते. बाबा एका खाजगी कारखान्यात आहेत, वय बावन्न. अठ्ठावन्नला रिटायर होणार. सरकारी नोकरीसारखी पेन्शन नाही. पीएफबरोबरची जी पेन्शन मिळेल ती महिन्याला काही हजार, त्यात आमच्या घरचा किराणासुद्धा निघणार नाही. म्हणजे पीएफची रक्कम आणि हे तेवीस लाख, एवढ्यावरच आईबाबांचं म्हातारपण उभं आहे. (माझ्यावर उभं नाही, असं बाबांनी बजावून सांगितलंय. आईने मान डोलावली नाही, हेही नोंदवते.)

मी सहज विचारलं, "बाबा, याला खर्च किती येतो?"

"काही नाही गं. पूर्वी सव्वादोन टक्के कापायचे. ते बंद झालं. आता फुकट."

सव्वादोन म्हणजे २.२५, हे मी बोटांवर मोजून काढलं. आणि बाबांचं अर्धं बरोबर होतं. पूर्वी फंडात पैसे टाकताना 'एंट्री लोड' लागायचा. इक्विटी फंडात तो बहुधा २.२५ टक्के असे. शंभर रुपये दिले की ९७ रुपये ७५ पैसेच गुंतवले जायचे, उरलेले वितरकाच्या वाट्याला. १ ऑगस्ट २००९ पासून सेबीने हा प्रकार बंद केला. तेव्हापासून शंभर दिले की शंभर गुंततात. (स्टॅम्प ड्यूटीचे काही पैसे सोडा.)

पण 'फुकट'? अकराव्या पानावर एक ओळ होती: वितरकाला दिलेलं कमिशन, सहा महिन्यांचं, रुपये ९,१८०.

बाबांनी चष्मा वर केला. "हे कुणी दिले? मी तर एक रुपया दिलेला नाही."

खरंच, त्यांनी हाताने काही दिलं नव्हतं. इथेच सगळी गंमत आहे. फंड चालवायला जो खर्च येतो, म्हणजे मॅनेजरची फी, वितरकाचं कमिशन, रजिस्ट्रार, ऑडिट वगैरे, त्याचं बिल आपल्याला कधी येत नाही. त्याचा वार्षिक दर ठरलेला असतो, त्याला टोटल एक्स्पेन्स रेशो म्हणतात. त्या दराचा ३६५ वा भाग रोज फंडाच्या पैशातून वजा होतो आणि मग त्या दिवसाची एनएव्ही जाहीर होते. तुम्ही बघता ती एनएव्ही खर्च कापून उरलेली. किती कापलं ते तिच्यात दिसत नाही.

हे आपल्या मेसच्या भाषेत बोलू. मेस बिलात चाळीस रुपये जास्त लागले की आपण काय करतो? कमिटीच्या सेक्रेटरीला रात्री अकरा वाजता रूमवर गाठतो! कारण बिल कागदावर असतं आणि आकडा रुपयांत असतो. समजा बिलच नसतं आणि त्याऐवजी रोज ताटातल्या पोळीचा एक छोटा तुकडा वाढायच्या आधीच काढून घेतला असता, तर? कुणाच्या लक्षातही आलं नसतं. "आज पोळी लहान वाटते नाही?" एवढंच म्हणून आपण उठलो असतो.

सेबीने यावर काहीच केलं नाही असं मात्र नाही. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक स्कीमचा 'डायरेक्ट' प्लॅन सुरू झाला. स्कीम तीच, मॅनेजर तोच, फक्त मध्ये वितरक नाही, म्हणून कमिशन नाही आणि खर्चाचा दर कमी. ऑक्टोबर २०१६ पासून सहामाही स्टेटमेंटमध्ये वितरकाला मिळालेलं कमिशन रुपयांत छापायचा नियम आला. बाबांना चष्मा वर करायला लावणारी ती ओळ म्हणजे हाच नियम. २०१८ पासून खर्चाचा दर रोज वेबसाईटवर टाकावा लागतो. आणि डिसेंबर २०२५ मध्ये सेबीने ठरवलं की फंडाचा मूळ खर्च वेगळा आणि सरकारी कर वेगळे दाखवायचे, म्हणजे कुणाच्या नावावर किती जातं ते कळेल.

तरीही एक भोक राहतंच. त्या स्टेटमेंटमध्ये कमिशन रुपयांत आहे, पण एकूण खर्च अजून टक्क्यांतच. मग मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. बाबांच्या सगळ्या स्कीम्सची सरासरी काढली तर खर्च १.७४ टक्के आला. त्याच स्कीम्सच्या डायरेक्ट प्लॅनचा ०.९२. आता १.७४ ऐकून कुणाचं रक्त उसळेल? एवढे तर व्हायवाला मार्क जातात! पण तेवीस लाखांचे १.७४ टक्के म्हणजे वर्षाला चाळीस हजार रुपये. त्यातले अठरा-एकोणीस हजार कमिशन, ते कळलं. उरलेल्या एकवीस-बावीस हजारांचा आकडा चौदा पानांत कुठेही रुपयांत नव्हता.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चाळीस हजार? तुझ्या हॉस्टेलची फी निघाली असती."

माझा मावसभाऊ कॅनडात असतो, त्याला हे फोनवर सांगितलं तर तो हसला. म्हणाला, आमच्याकडेही अगदी असंच होतं. तिथे निवृत्तीसाठी आरआरएसपी नावाचं खातं असतं आणि वर्षाच्या पहिल्या साठ दिवसांत त्यात पैसे भरले की ते आधीच्या वर्षाच्या करातून वजा करता येतात. त्यामुळे फेब्रुवारीत सगळ्यांची धावपळ. तिथेही काही वर्षांपूर्वी नियम आला की ब्रोकरला मिळालेले पैसे डॉलरमध्ये दाखवा. पण फंडाचा स्वतःचा खर्च मात्र त्यात नव्हता. आता जानेवारी २०२६ पासून तो एकूण खर्चही डॉलरमध्ये मोजायचा आहे आणि त्या वर्षाचे पहिले रिपोर्ट २०२७ च्या सुरुवातीला लोकांच्या हातात पडायचे आहेत. म्हणजे आकडा एका ओळीत छापणं अशक्य नाही. स्कीमच्या रोजच्या खर्चाचा हिशोब कॉम्प्युटरमध्ये असतोच. सेकंड इयरचा पोरगा प्रोग्राम लिहून देईल.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही विशीतले, आम्हाला काय त्याचं? अहो, उलट आपल्यालाच जास्त! समजा नोकरी लागल्यावर महिन्याला ५,००० रुपये असे तीस वर्षं टाकले. एकूण भरले १८ लाख. वर्षाला १० टक्के वाढ धरली तर शेवटी सुमारे १ कोटी १३ लाख होतात. ९ टक्के धरली तर सुमारे साडेएक्याण्णव लाख. (दहा टक्के मिळतीलच असं कुणी लिहून देत नाही. इथे फक्त फरक बघायचा आहे.) एका टक्क्याचा फरक साडेएकवीस लाखांचा झाला. आपण आयुष्यभर भरले त्यापेक्षा जास्त! मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. तीनदा केलं, रूममेटकडून करून घेतलं, उत्तर तेच. चक्रवाढ आपल्या बाजूने धावते तशी खर्चाच्या बाजूनेही धावते, हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

फायनल इयरवाल्यांनी पीएफचंही बघून ठेवा. कॅम्पसमध्ये सीटीसीचा आकडा ऐकून आपण पार्टी देतो, पण कंपनीचा पीएफचा वाटासुद्धा त्याच आकड्यात धरलेला असतो. तुमच्या बेसिकच्या १२ टक्के तुमचे आणि तेवढेच कंपनीचे. काही कंपन्या १५,००० रुपयांच्या मर्यादेवरच मोजतात, मग दोघांचे १,८०० - १,८००. कंपनीच्या वाट्यातले ८.३३ टक्के, पण जास्तीत जास्त १,२५० रुपये, पेन्शनकडे वळतात. २०२४-२५ साठी व्याज ८.२५ टक्के होतं. आणि पीएफ चालवायचा खर्च कंपनी वेगळा भरते, तो तुमच्या शिलकीतून कापत नाहीत. पासबुकात सगळं रुपयांत. म्हणून आमचे बाबा पीएफचं पासबुक घडाघडा वाचतात आणि फंडाचं स्टेटमेंट माझ्याकडे देतात. आमच्या एका सीनियरने पहिली नोकरी सोडल्यावर पीएफ काढून बाईक घेतली. पाच वर्षांच्या आत काढल्यावर करही लागतो, हे त्याला बाईक आल्यावर कळलं. नोकरी बदलली तरी यूएएन तोच राहतो, त्यामुळे पैसे ट्रान्सफर करता येतात.

आपल्या स्टाफपैकी १ नोव्हेंबर २००५ नंतर सरकारी किंवा अनुदानित जागेवर लागलेल्यांना या विषयाची धग जास्त माहीत आहे. मार्च २०२३ च्या संपात "जुनी पेन्शन" या घोषणा आपण सगळ्यांनी ऐकल्या. तो वाद मोठा आहे, त्यात मी पडत नाही. फक्त एक गोष्ट: एनपीएसमध्ये फंड मॅनेजरची फी शंभर रुपयांमागे वर्षाला साधारण दहा पैशांच्या आसपास असते. बाबांच्या फंडाशी तुलना करून बघा.

असो. भाऊबीजेनंतर बाबांनी आमच्या गुंतवणूकवाल्या काकांना फराळाला बोलावलं. मला वाटलं, आता भांडण होणार. काकांनी ती ओळ वाचली आणि शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे. मलाच मिळतात ते. बारा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं." मग चकलीचा तुकडा मोडत त्यांनी बाबांना मार्च २०२० ची आठवण करून दिली. लॉकडाऊनच्या वेळी बाजार कोसळला तेव्हा बाबा सगळं विकायला निघाले होते. काकांनी तीन दिवस रोज फोन करून त्यांना थांबवलं होतं. बाबांनी मान्य केलं. मलाही गप्प बसावं लागलं, कारण त्या तीन फोनची किंमत वर्षाच्या अठरा हजारांपेक्षा जास्त असू शकते. पण ती जास्त आहे की कमी, हे ठरवायला आधी अठरा हजार दिसायला हवेत ना!

सगळं डायरेक्टमध्ये हलवावं का, यावर दोन तास चर्चा झाली. तसं करणं म्हणजे विकून पुन्हा घेणंच, त्यामुळे नफ्यावर कर लागतो, कुठे एक्झिट लोडही लागतो. शेवटी जुनं तसंच ठेवायचं ठरलं. नवी एसआयपी कुठून करायची ते बाबा मार्चपर्यंत बघणार आहेत. काकांनी जाताना स्वतःहून सांगितलं, "दर ऑक्टोबरला आणि एप्रिलला मी तुम्हाला एकूण खर्च रुपयांत लिहून देत जाईन." बाबांनी लगेच डायरीत पेन्सिलने एक नवा कॉलम आखला. वर लिहिलं: 'गेले'. पहिल्या ओळीत चाळीस हजार लिहिताना त्यांनी मला आकडा अक्षरी सांगायला लावला, आणि तो मी मराठीत बरोबर सांगितला.