गडावरचा उंदीर

आपल्या जुन्या जालन्याच्या शिवारात दिसणारा मऊ केसांचा उंदीर उपखंडभर पसरलेला आहे. त्याचा भाऊबंद कोंडाणा उंदीर मात्र सिंहगड परिसरातल्या मोजक्या डोंगरमाथ्यांपुरताच. शास्त्राला तो कळला १९७५ मध्ये!

अशा वाटण्या अनेकदा हवामान करते. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना आपला मोसमी पाऊस दुबळा झाला, जंगले आक्रसली. हत्ती दूर जाईल, मूठभर जीव कुठे जाणार? माथ्यावर अडकलेल्यांची वीण आपसांतच होते, जनुकांतले वैविध्य झिजते. प्रतिकारशक्तीची जनुके सारखी झाली, की एकच साथ सगळ्यांना गाठते. आणि ऊन वाढले, तर माथ्याहून वर सरकायला जागाच नसते.