जुन्या विनोदाची नवी घडी

कापडाच्या धंद्यात जुने वाण पुन्हा आणणे ही काही नवलाची गोष्ट नाही. दर दहा-पंधरा वर्षांनी एखादी किनार, एखादा रंग, एखादे पोत परत येते आणि दलाल ते आपल्यासमोर असे उलगडतो, जणू कालच त्याचा शोध लागला. दूरदर्शनवरच्या विनोदी मालिकांचाही आता हाच व्यवहार सुरू झाला आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वी लोकांना आवडलेली मालिका फडताळातून काढायची, झटकायची आणि नव्या पिढीला विकायची. त्यात पैसा आहे आणि जोखीमही आहे. आम्ही दोघे भाऊ, एक साताऱ्याला आणि एक सांगलीला कापड विकतो. मालिकांच्या धंद्याशी आमचा संबंध फक्त प्रेक्षक म्हणून. पण जुना माल कधी चालतो आणि कधी पडून राहतो, हे पाहण्यात आमचे आयुष्य गेले, म्हणून या व्यवहाराचा हिशेब मांडून पाहावासा वाटला.

सुरुवात आमच्याच धंद्यावरच्या मालिकेपासून करतो. 'आर यू बीइंग सर्व्ह्ड?' ही बीबीसीची विनोदी मालिका. या नावाचा आपल्या पेठेतला अर्थ, 'साहेब, तुम्हाला कोणी दाखवतेय ना?' पहिला भाग 1972 साली दाखवला गेला आणि मालिका 1985 पर्यंत चालली. एकूण 69 भाग झाले. लंडनमधले एक जुने मोठे दुकान, एकाच मजल्यावर एका बाजूला बायकांचे कपडे आणि दुसऱ्या बाजूला पुरुषांचे, आणि मधे नोकरांची उतरंड. पहिले गिऱ्हाईक कोणी घ्यायचे, टेप कोणाच्या गळ्यात असायची, कोणी कोणाला कसे संबोधायचे, यावरच सगळी गंमत. लेखक जेरेमी लॉइड आणि डेव्हिड क्रॉफ्ट. लॉइड यांनी तरुणपणी लंडनच्या 'सिम्पसन्स' या कपड्यांच्या दुकानात नोकरी केली होती, आणि ते प्रत्येक भागात जाणवते. बाही लांब झाली असे गिऱ्हाईक म्हणाले की तिथला विक्रेता सांगतो, वापरता वापरता वर चढेल. हे वाक्य ज्याने कधी उच्चारले नाही असा कापडवाला सातारा-सांगलीत शोधून सापडणार नाही.

ही मालिका बीबीसीने 2016 साली पुन्हा काढली. त्या वर्षी त्यांनी जुन्या गाजलेल्या विनोदी मालिकांचा एक हंगामच केला आणि त्यात 28 ऑगस्टला या दुकानाचे शटर एका भागापुरते वर गेले. मूळ संचातले बहुतेक कलाकार तोवर हयात नव्हते. म्हणून नव्या नटांना त्याच जुन्या पात्रांचे कपडे, तोच केसांचा भांग, तोच आवाज देण्यात आला. काळही 1988 चा धरला, म्हणजे मूळ मालिका संपल्यानंतर तीनच वर्षांचा. नट चांगले होते, मेहनत होती; पण पाहणाऱ्याच्या मनात सारखी तुलना चालायची. पुढे त्याची मालिका झालीच नाही.

त्याच हंगामात 'पॉरिज' ही तुरुंगातली जुनी विनोदी मालिकाही परत आणली गेली. तिथे मूळच्याच दोन लेखकांनी जुन्या कैद्याची नक्कल करण्याऐवजी त्याचा नातू आणला, आणि त्याचा गुन्हा संगणकावरचा ठेवला. तिला 2017 साली सहा भागांची मालिका मिळाली. फार मोठे यश म्हणता येणार नाही, पण एका ठाणाऐवजी सहा ठाणे खपली एवढे खरे.

आता आपल्या घरचे उदाहरण, जे आम्हाला या दोन्हींपेक्षा महत्त्वाचे वाटते. 'वागले की दुनिया' दूरदर्शनवर 1988 साली आली. कल्पना आर. के. लक्ष्मण यांची, दिग्दर्शन कुंदन शाह यांचे, निर्मिती दुर्गा खोटे यांच्या संस्थेची. मुंबईतला मध्यमवर्गीय मराठी नोकरदार श्रीनिवास वागले, त्याची बायको राधिका, दोन मुले आणि महिनाअखेर. त्या काळी आमच्या मोहल्ल्यात मोजकेच टीव्ही होते आणि तेही बहुतेक काळे-पांढरे. पण वागले सगळ्यांच्या ओळखीचा होता, कारण तो बस चुकणारा, साहेबाला भिणारा, उसने मागायला लाजणारा माणूस होता. गंमत अशी की हा अस्सल मराठी वागले उभा केला तो कोलकात्यात जन्मलेल्या अंजन श्रीवास्तव यांनी. राधिका झाल्या होत्या भारती आचरेकर.

तब्बल 33 वर्षांनी, 8 फेब्रुवारी 2021 रोजी, ही मालिका सोनी सब वाहिनीवर परत आली. निर्मात्यांनी केले काय ते व्यापाऱ्याने नीट पाहावे. त्यांनी नवा श्रीनिवास वागले शोधला नाही. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर यांनाच पुन्हा बोलावले, त्यांचे वय वाढू दिले, त्यांना आजी-आजोबा केले. संसाराचा भार मुलावर टाकला. हा राजेश वागले म्हणजे मराठी रंगभूमीवर मुरलेले सुमीत राघवन. बापाला महिनाअखेरची चिंता होती. मुलाला घराचे हप्ते, मोबाईल, सोसायटीतली भांडणे आणि वाढत्या वयाच्या मुलांचे प्रश्न. म्हणजे सूत तेच, पण पन्हा आजच्या मापाचा. मालिका चार वर्षे चालली आणि तिचे हजारावर भाग झाले.

इथे आमची एक तक्रार नोंदवतो. जुना वागले आठवड्यातून एकदा यायचा, नवा रोज येऊ लागला. रोजचा रतीब घालायचा म्हटल्यावर दुधात पाणी आलेच. अनेक भागांत खळ जास्त आणि सूत कमी होते. दर दोन दिवसांनी एक उपदेश. तरीही आमच्या घरातल्या तीन पिढ्या एकत्र बसून पाहू शकतील अशी मालिका आज किती मिळते? म्हणून तक्रार करत करत पाहिली.

कोणी म्हणेल, मग नक्कल कधी चालतच नाही का? चालते, पण ती नाटकात. ब्रँडन थॉमस यांचे 'चार्लीज आंट' हे इंग्रजी प्रहसन 1892 सालचे. लंडनमध्ये त्याचे 1,466 प्रयोग सलग झाले. आचार्य अत्रे यांनी त्यावरून 'मोरूची मावशी' लिहिले ते 1947 साली. पुढे 1985 मध्ये सुधीर भट यांच्या 'सुयोग' संस्थेने ते पुन्हा रंगमंचावर आणले, विजय चव्हाण मावशी झाले आणि हजारांहून अधिक प्रयोग झाले. विष्णुदास भावे यांनी 1843 साली जिथे 'सीता स्वयंवर' केले, त्या सांगलीच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको: नाटकाची संहिता हा कापायचा नमुना असतो, प्रत्येक पिढीचा शिंपी त्यावर आपल्या अंगाचा कपडा शिवतो. मालिकेचे तसे नाही. तिथे नमुना आणि अंग एकच होऊन बसते. श्रीनिवास वागले म्हटले की एकच चेहरा समोर येतो, मग त्याचा सदरा दुसऱ्याला घालून कसे भागेल?

आणि काही माल असा असतो की त्याला फडताळातच राहू द्यावे. 'माइंड युवर लँग्वेज' ही 1977 ते 1979 मधली ब्रिटिश मालिका आपल्याकडे अनेकांनी व्हिडिओ कॅसेटवर पाहिली. लंडनच्या वर्गात इंग्रजी शिकणारे परदेशी लोक, त्यांत पाकिस्तानी अली आणि शीख रणजीत सिंग, दोघे सतत एकमेकांवर धावून जाणारे. आम्हीही हसलो. पण त्यातला प्रत्येक माणूस आपल्या देशाचे आणि धर्माचे पोस्टर होता, आणि हसणारा मात्र कायम बाकाच्या दुसऱ्या बाजूला. ती 1986 साली पुन्हा काढली गेली. अलीचे काम करणारे, ढाक्यात जन्मलेले डिनो शफीक 1984 मध्येच वारले होते. ते पुनरुज्जीवन काही टिकले नाही. त्याच धाग्यावर 1993 मध्ये हिंदीत 'जबान संभाल के' आली, पंकज कपूर मास्तर झाले. ती आम्हाला अधिक रुचली, कारण तिथे मराठी, गुजराती, दक्षिणी, गोरा साहेब सगळेच हिंदीत अडखळत होते. हसू घरातल्या घरात होते. आम्ही उर्दू शाळेत शिकलेले, गादीवर बसू लागलो तेव्हा 'ळ' जिभेवर ठरत नसे. गिऱ्हाईक हसायचे आणि लुगडेही घ्यायचे. त्या हसण्यात आणि अलीवरच्या हसण्यात फरक आहे, आणि आजचा प्रेक्षक तो चटकन ओळखतो.

हे सगळे आमच्या डोक्यात घोळण्याला कारण आहे खण. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण आमच्या वडिलांच्या काळी जत-कवठेमहांकाळपासून माण-खटावपर्यंत चोळीसाठी जायचा. मग तो मागे पडला. गेल्या काही वर्षांत तो परत आला आहे, पण चोळी म्हणून नव्हे. साडी, कुर्ता, पिशवी, दाराचे तोरण म्हणून. आता बाजारात दोन माल आहेत. एक विणकराच्या मागावरचा, आणि दुसरा यंत्रमागावरचा, नुसती नक्षी उचललेला, निम्म्याहून कमी भावाचा. नाव दोघांचेही 'खण'च. सांगलीचे भाऊ म्हणतात स्वस्त माल भरू, लग्नसराईत खपेल. साताऱ्याला आमचे म्हणणे असे की नाव पाहून बाई एकदा घेईल, धुतल्यावर परत येणार नाही. दोन्ही बाजूंनी रक्कम गुंतायची आहे, म्हणून वाद लांबला. तूर्त दोन्ही माल ठेवतो आणि चिठ्ठीवर कोणता कुठला ते लिहितो.

मालिकेच्या चिठ्ठीवर कोण लिहिणार? निदान हक्काचा प्रश्न तरी स्वच्छ असावा. 'यस मिनिस्टर' या ब्रिटिश मालिकेवरून 2001 साली स्टार प्लसवर 'जी मंत्रीजी' आली, ती बीबीसीशी रीतसर व्यवहार करून. मंत्री झाले होते फारुख शेख, आणि दिल्लीच्या बाबूशाहीत ते इतके चपखल बसले की मूळ कुठले हे विसरायला होई. असा व्यवहार केला की मूळ कारागिराला त्याचा दाम मिळतो आणि नव्या दुकानदाराला उधारीच्या नावावर जगावे लागत नाही.

सध्या सगळ्यांचे लक्ष आहे 'फॉल्टी टॉवर्स'कडे. 1975 आणि 1979 मध्ये मिळून अवघे 12 भाग निघालेली ही हॉटेलवाल्याची मालिका जॉन क्लीज आपल्या मुलीसह पुन्हा आणणार अशी घोषणा 2023 साली झाली. मे 2024 मध्ये लंडनच्या अपोलो थिएटरमध्ये जुन्याच भागांवर बेतलेले नाटक उभे राहिले. तेरावा भाग मात्र अजून पडद्यावर आलेला नाही.